आईचा अबोला

आमच्या दुकानात रडण्यासाठी एक खुर्ची आहे. म्हणजे ती खरी श्रवणयंत्र बसवून घेण्याची खुर्ची, पण गेल्या काही वर्षांपासून तिच्यावर बसलेल्या माणसानं रडावं अशी आमच्या मालकांची अपेक्षा असते. यंत्र कानात गेलं, समोरून बायको किंवा मुलगी म्हणाली, ‘ऐकू येतंय का?’, की मालक कपाटाआडून मोबाइल धरतात. माणूस रडला तर व्हिडिओ तासाभरात इंटरनेटवर. नाही रडला, नुसतं ‘हो, येतंय की’ म्हणाला, तर मालकांचं तोंड उतरतं. मग ते मला म्हणतात, “मॅडम, अजून एकदा घेऊ. जरा आवाज वाढवा.”

मी यंत्रं बसवणारी. दिवसभर एका बिनखिडकीच्या, भिंतींना स्पंज लावलेल्या खोलीत बसते आणि लोकांच्या कानांत काय जातं आणि काय जात नाही ते बघते. सोबत त्यांच्या घरातली भांडणंही ऐकते, कारण कमी ऐकू येणारा माणूस एकटा कधीच येत नाही. त्याच्यावर ओरडून ओरडून थकलेलं कोणीतरी बरोबर असतंच. संध्याकाळपर्यंत माझी अशी अवस्था होते की मला कोणी नुसतं ‘अहो’ म्हटलं तरी डोकं उठतं. लोकांना ऐकू यावं म्हणून राबायचं आणि स्वतःला मात्र शांतता हवी, असा हा आमचा धंदा.

आमच्या दुकानाचा सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ माझ्या बाबांचा आहे.

तो दुकानात घेतलेला नाही. बाबांना दुकानात आणायचं तर आईजवळ कोण बसणार, म्हणून मी लॅपटॉप घेऊन घरी गेले आणि मालक मोबाइल घेऊन मागोमाग आले. बाबांना मी नवं यंत्र बसवत होते. जुनं यंत्र साधं होतं, जे येईल ते मोठं करून कानात ओतायचं. नळ, पंखा, वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या, सगळ्यांना सारखाच मान. नवं हुशार. त्यात ती कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. त्याला हजारो तासांचे आवाज ऐकवून शिकवलंय की माणसाचं बोलणं कोणतं आणि बाकीचा गोंगाट कोणता. बोलणं उचलून पुढे आणायचं, बाकीचं पुसून टाकायचं. मालकांनी मिक्सर लावला, टीव्ही मोठा केला, आणि मी दारातून हळू आवाजात शब्द म्हणत गेले. खिडकी. पाऊल. साखर. दुपार. बाबांनी एकेक शब्द बरोबर परत म्हटला. मग मी विचारलं, “बाबा, मिक्सरचा त्रास होतोय का?”

बाबा म्हणाले, “कुठला मिक्सर?”

आणि मिक्सरकडे बघून ते रडायला लागले. मालकांनी एवढा आनंद स्वतःच्या लग्नातही केला नसेल. तो व्हिडिओ किती लाख लोकांनी बघितला ते मला माहीत नाही, पण माझ्या शाळेतली एक मैत्रीण, जिचा वीस वर्षांत पत्ता नव्हता, तिनंही तो मला पाठवून लिहिलं, ‘तुझे बाबा किती गोड.’

आता आईचं सांगते. आईला त्याच्या आदल्या वर्षी मेंदूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. समजतं सगळं. टीव्हीवरच्या विनोदाला हसते, भाजीत मीठ कमी पडलं की तोंड वाकडं करते. पण बोलायला गेली की शब्द येत नाही. आयुष्यभर ती बाबांना ‘अहो’ म्हणत आली. त्यातलं सगळं झडून गेलं आणि एक लांब सूर तेवढा उरला. ओठ मिटलेले, आवाज नाकातून, शेवटी जरासा वर जाणारा. ऊंऽऽ. पाणी हवं, ऊंऽऽ. कूस बदलायची, ऊंऽऽ. बाबा बराच वेळ नुसते दिसले नाहीत, तरी ऊंऽऽ. आणि बाबा त्या जुन्या, गोंगाटी यंत्रातूनही तो बरोबर ओळखायचे आणि असतील तिथून ओरडायचे, “आलो गं, आलो! उडत येऊ का?”

नवं यंत्र आल्यावर घर कसं शांत झालं. बाबांची चिडचिड गेली. पूर्वी ते रोज संध्याकाळी डोकं धरून बसायचे, आता पेपर वाचायला लागले, फोनवर दादाशी नीट बोलायला लागले. आईची सेवा ते घड्याळावर करू लागले. पाणी, औषध, कूस बदलणं, अंग पुसणं, सगळं ठरल्या वेळी आणि चोख. मला वाटलं, चला, यांना एकदाची शिस्त लागली.

एकदाच खटकलं होतं. मी संध्याकाळी गेले होते. आई पलंगावर होती, बाबा तिच्यापासून दोन हातांवर उभे राहून टॉवेलाची घडी घालत होते. आईनं हाक मारली, “ऊंऽऽ.” बाबांनी मान वर केली नाही. तिनं परत मारली. मी म्हटलं, “बाबा, आई बोलावतेय.”

“हं? हो का?” असं म्हणून ते वळले आणि तिच्याजवळ गेले.

मला वाटलं, थकलेत. ऐकून न ऐकल्यासारखं करतायत. कोण करत नाही? मीसुद्धा फोन वाजत ठेवते आणि मालकांना सांगते की बाथरूममध्ये होते. बाबांना मी काही बोलले नाही, पण मनातल्या मनात त्यांच्या नावावर मांडून ठेवलं. जगभरचे लोक मला कान दाखवायला येतात, आणि मी बाबांचा स्वभाव तपासत बसले.

हळूहळू आईचा तो सूर कमी झाला. मग बंदच झाला. जेवण घटलं. चमचा तोंडाशी नेला तर घ्यायची, नाही नेला तर मागायची नाही. बघायची छताकडे. डॉक्टरांनी तपासलं, मेंदूचे पुन्हा सगळे फोटो काढले, नवं काही दिसलं नाही. तरी म्हणाले, “कधी कधी इतका छोटा झटका येऊन जातो की फोटोत सापडत नाही. प्रतिसाद कमी होत चाललाय, हे मात्र खरं.” बाबा म्हणाले, “गेले कितीतरी दिवस ती हाकच मारत नाही.” डॉक्टरांनी मान हलवली, जणू हेच त्यांना ऐकायचं होतं.

दादा दुसऱ्या शहरात असतो. त्यानं चौकशी करून एक संस्था शोधली. चांगली आहे, स्वच्छ आहे, अशा पेशंटना तिथे चोवीस तास माणूस असतं. तो फोनवर म्हणाला, “छोटे, तिला आता घर काय आणि संस्था काय, सारखंच. तिला कोण जवळ आहे हेही कळत नाही. बाबा मात्र यात संपतील.” मला आता चष्मा लागलाय, केस पिकलेत, तरी दादासाठी मी छोटीच. मी विचारलं, बाबा काय म्हणतात? तर बाबा म्हणाले होते, तुम्ही दोघं ठरवाल तसं. मग मी हो म्हटलं. वाद घालायला अंगात जीव लागतो आणि तो मी दुकानात ठेवून येते. रविवारी गाडी येणार, असं ठरलं.

त्याच आठवड्यात दुकानात पोपटवाले काका आले.

त्यांचं असं काही नाव पडलेलं नव्हतं, ते त्या दिवशी पडलं. त्यांना मीच बाबांच्या यंत्रासारखं यंत्र दिलं होतं. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मॅडम, माझा पोपट मुका झाला.”

“काका, हे पक्ष्यांचं दुकान नाही.”

“माहीत आहे हो. पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जाऊनच आलोय. त्यानं पोपट हातात धरला, कानाशी नेला, आणि मला म्हणाला, ‘काका, हा ठणठणीत आहे. आत्ता माझा कान फोडला त्यानं. तुमचं काय ते बघा.’”

मला हसू आलं. त्या आठवड्यातलं ते पहिलंच. मी यंत्र लॅपटॉपला जोडता जोडता विचारलं, “बोलतो का तो?”

“नाही, शब्द नाही येत त्याला. नुसती शीळ घालतो. लांब, एका सुरात. मी घरात शिरलो की घालतो, उठून आत गेलो की घालतो.”

मग मी रोजच्या सवयीनं पोपटपंची सुरू केली. हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेत सांगेन. “काका, या यंत्राला फक्त माणसाचे शब्द कळतात. जे शब्द नाहीत ते त्याच्या लेखी गोंगाट. त्यात लांबलेला एकच सूर आला, की त्याला वाटतं आपल्यालाच शिट्टी लागली, जशी खराब माइकला लागते. मग ते आवाज दाबूनच टाकतं. यंत्र बिघडलेलं नाही. उलट फार चांगलं काम करतंय. जो बोलत नाही, तो त्याच्यासाठी नाहीच.”

काकांनी स्वतःच्या कानाला हात लावून बघितला. मग म्हणाले, “म्हणजे इतके दिवस तो मला हाका मारत होता. आणि मी त्याच्यासमोर बसून पेपर वाचत होतो.”

माझा हात माउसवरच राहिला. मला टॉवेलाची घडी घालणारे बाबा आठवले.

काकांना मी ‘संगीत’ हा पर्याय लावून दिला. गाणारे-वाजवणारे लोक येतात त्यांच्यासाठी तो असतो. त्यात यंत्राची सगळी हुशारी बंद होते, सूर जसा आहे तसा आत येतो. नळ, पंखा, रहदारी, तेही सगळं येतं. काकांना म्हटलं, “डोकं उठेल.” ते म्हणाले, “उठू दे.”

ते गेल्यावर मी मालकांकडे जाऊन म्हटलं, “बाबांचा व्हिडिओ दाखवा.” मी तो आजवर पूर्ण बघितलाच नव्हता. स्वतःचा आवाज ऐकायची मला चीड आहे. मालकांनी अभिमानानं मोबाइल पुढे केला.

बाबा खुर्चीत. मी दारात. मिक्सर घरघरतोय. आणि बाबांच्या खांद्यामागे पलंगाचा कोपरा, उशी, उशीवर आईचा चेहरा, अंगठ्याएवढा. बाबा रडायला लागतात, मिक्सर थांबतो. त्याच क्षणी मागून येतं, “ऊंऽऽ.” बाबा कॅमेऱ्याकडे बघून हसतात. “ऊंऽऽ.” नवरा रडतोय म्हणून ती विचारत होती, काय झालं. बाबा डोळे पुसतात. तिसरी हाक लांब, चढी. बाबा मालकांना म्हणतात, “किती शांत वाटतंय हो.”

खाली हजारो प्रतिक्रिया. बदामच बदाम, रडकी तोंडं, विज्ञानाला नमस्कार. खूप खाली एकानं लिहिलं होतं, ‘मागच्या बाई कोणाला हाक मारतायत? कोणी बघत का नाही?’ त्याला दुसऱ्या कोणीतरी उत्तर दिलं होतं, ‘भाऊ, व्हिडिओचा विषय तो नाही.’

लाखो लोकांत एकाला दिसलं. मी त्या खोलीत उभी होते, माझ्या कानांना काही झालेलं नव्हतं, मी हा धंदा करते, आणि मला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. तिनं हाक मारली होती हे मी त्या दिवशी नक्की ऐकलं असणार. पण माझं लक्ष लॅपटॉपवरच्या आलेखाकडे होतं, आणि आलेख फार सुंदर आला होता.

मी मालकांना सांगितलं काय झालंय ते, आणि बॅग उचलली. मालक क्षणभर गंभीर झाले. मग म्हणाले, “मॅडम, आता बाबांना पुन्हा आईंचा आवाज ऐकू येणार तर. मी येऊ का बरोबर? भाग दोन करू या.”

मी म्हटलं, “आलात तर मोबाइल त्याच मिक्सरमध्ये घालीन.”

भर दुपारी मला दारात बघून बाबा दचकले. मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, लॅपटॉप उघडला आणि काही न सांगता ‘संगीत’ लावलं. बाबांनी एकदम खांदे आक्रसले. फ्रिजकडे बघितलं, नळाकडे बघितलं. “हे काय केलंस? सगळं जग आत घुसलंय. आत्तापर्यंत होतं तेच बरं होतं.”

मग मी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. पोपटाचं आधी सांगितलं, कारण आईचं आधी सांगायचं धाडस होईना. ते हसले पोपटाला. मग हसायचे थांबले.

“म्हणजे ती हाक मारत होती.”

“हो.”

“मी खोलीत असताना.”

“हो, बाबा.”

ते टेबलावरचा पाण्याचा थेंब बोटानं पसरवत राहिले. मी म्हटलं, चूक माझी आहे, यंत्र मी लावलं, मी तपासायला हवं होतं. त्यांनी मान हलवली.

“तुला एक खरं सांगू? मला बरं वाटत होतं. ती शांत झाली म्हणून. वर्षभर दर थोड्या वेळानं ती हाक, दिवसा, रात्री, जेवताना. मी देवाला नाही म्हणत, पण कोणाला तरी म्हणायचो मनात, हिला जरा गप्प कर. आणि ती झाली गप्प. मी कशाला चौकशी करतोय मग? यंत्रानं पुसलं म्हणतेस. पुसायला मला हवंच होतं.”

मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघंही इतके दमलो होतो की रडूसुद्धा आलं नाही.

मग आम्ही आईच्या खोलीत गेलो. मी पलंगावर बसून तिला सगळं समजावलं, लहान मुलाला नाही, मोठ्या माणसाला सांगावं तसं. यंत्र काय करतं, काय करत नाही, चूक कोणाची. ती ऐकत होती. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरलं. डाव्या हातानं तिनं माझा हात दाबला, नीट, जोरात. माझी चूक तिनं पदरात घेतली. मग बाबा पुढे आले, म्हणाले, “ऐकलंस का गं...” आणि आईनं तोंड भिंतीकडे केलं.

बाबा पलंगाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेले. आईनं डोळे मिटले. मी पाणी दिलं तर प्यायली. बाबांनी पेला धरला तर ओठ घट्ट.

बाबा पेला हातात घेऊन तसेच उभे राहिले. आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं यांना काहीतरी झालं.

“अगं, ही आजारी नाही,” ते म्हणाले. “हिनं अबोला धरलाय!”

आमच्या घरात भांडणं कधी मोठी झाली नाहीत, पण आईचे अबोले गाजलेले. आठ-आठ दिवस चालायचे. माझ्यामार्फत निरोप जायचे, ‘त्यांना सांग जेवण झालंय.’ माफी मागितलेली तिला चालायची नाही, माफी म्हणजे स्वस्तात सुटणं. बाबांचा एकच उपाय होता. ते चष्मा नाकावर ठेवून घरभर फिरायचे आणि विचारायचे, “माझा चष्मा कुठंय गं?” कपाटं उघडायचे, उशा उचलायचे, पलंगाखाली वाकायचे. शेवटी आईला राहवायचं नाही. “नाकावर आहे!” ती खेकसायची, आणि अबोला संपायचा. तिला ते ढोंग आहे हे माहीत होतं. पण डोळ्यांसमोर कोणी चुकीच्या जागी काही शोधत असेल तर गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं.

मी बाहेर येऊन दादाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अबोला? छोटे, ती बोलूच शकत नाही.”

“बोलू शकत नाही म्हणून अबोला धरू शकत नाही का?”

“तुला तसं वाटायला हवंय. मलाही हवंय. पण डॉक्टरांनी सांगितलंय, तिला कळणं कमी झालंय. मी रविवारी येतोय. तिनं मला एकदा तरी दाखवू दे की तिला कळतंय. मग मी एक शब्द बोलणार नाही.”

रविवारपर्यंत बाबांनी चष्मा शोधला. सकाळी शोधला, दुपारी शोधला. कानात सगळं जग घुसलेलं, नळाच्या आवाजानं दचकणारे, पेपरचं पान उलटलं तरी कपाळाला आठी, तरी यंत्र बदलू देईनात. “राहू दे. तिनं हाक मारली आणि मला परत नाही ऐकू आली तर?” नाकावर चष्मा ठेवून म्हातारा पलंगाखाली वाकायचा आणि कमरेला हात लावून उठायचा. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. शनिवारी संध्याकाळी मला वाटायला लागलं की दादाचंच खरं असेल. अबोला नसेलच. आम्हालाच तो हवा होता, रिकाम्या जागेपेक्षा राग बरा म्हणून.

रविवारी दादा आला. पायांत बूट तसेच, आल्या आल्या आईच्या पायाशी बसला, तिचे तळवे चोळले. “आई, मी आलोय.” तिनं त्याच्याकडे बघितलं. थोडा वेळ बघितलं आणि नजर छताकडे गेली. तिला तो कुठे न्यायला आलाय ते ठाऊक होतं, की काहीच ठाऊक नव्हतं, ते आम्हाला कोणालाच सांगता आलं नसतं. खाली गाडी उभी राहिल्याचा आवाज आला. बाबांनाही आला, त्यांना आता सगळंच ऐकू येत होतं.

दादा कपाटातून आईचे कपडे काढून बॅगेत ठेवायला लागला. तो वाईट माणूस नाही. एकेक घडी परत नीट करून ठेवत होता. बाबांनी एक शेवटचा प्रयत्न केला. खोलीच्या मध्ये उभे राहिले, चष्मा नाकावर, आणि म्हणाले, “माझा चष्मा... चष्मा कुठंय गं माझा?” आई हलली नाही.

“बाबा, पुरे आता,” दादा हळूच म्हणाला.

बाबा पलंगाच्या कडेवर बसले. चष्मा काढून पांघरुणावर टाकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दादा बॅगेची चेन ओढायचा थांबला. मी खिडकीशी होते. पंखा फिरत होता.

बऱ्याच वेळानं बाबांनी तोंडावरून हात काढले. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. “आईची औषधांची चिठ्ठी देतो तुला,” ते दादाला म्हणाले, “माझ्या अक्षरात आहे, वाचून दाखवतो.” आणि त्यांनी चष्म्यासाठी बाजूला हात नेला. चष्मा तिथे नव्हता. त्यांनी पांघरूण चाचपलं. दुसऱ्या बाजूला चाचपलं. उठून पलंगाखाली वाकले. “कुठं गेला आता? इथंच तर ठेवला होता.” चष्म्याशिवाय बाबांना हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. ते खरंच शोधत होते. मी पुढे होणार तेवढ्यात ते उशीकडे न बघता पायाकडची चादर उपसायला लागले, अगदी चुकीच्या जागी, अगदी नेहमीसारखे.

“ऊंऽऽ!”

वैतागलेला, चढा, शेवटी वर गेलेला.

बाबा चादर हातात धरून जागच्या जागी थांबले. दादाच्या हातातून बॅगेचा पट्टा सुटला. आईनं मान वळवली होती, बाबांच्याच दिशेनं, आणि पांघरुणाखालून तिचा डावा हात बाहेर येत होता. मुठीत चष्मा. कधी उचलला, का उचलला, तिचं तिलाच माहीत. तो तिनं जेमतेम पलंगाच्या कडेपर्यंत आणला आणि पुन्हा म्हणाली, आणखी जोरात, “ऊंऽऽ!”

दादा खिडकीशी आला. खाली वाकून ड्रायव्हरला म्हणाला, “थांबू नका. जा तुम्ही.” आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला.

बाबांनी आईच्या मुठीतून चष्मा सोडवून घेतला. तो त्यांना लवकर घालता येईना, दांडी कानातल्या यंत्राला अडकत होती. आई डोळे वटारून बघत होती. तिनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा बाबा तिच्या उशीवर वाकले.

“अगं हळू,” ते म्हणाले. “किती ओरडतेस. ऐकू येतंय मला.”